वहीतून नाही, अंगावरून

माझं शुद्धलेखन बरं नाही आणि अक्षर त्याहून वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, तिथं मला पाठवलं नाही. आकडे मात्र चांगले येतात, कारण मी ब्लाउज शिवते आणि गावातल्या बायकांची मापं वहीत लिहून ठेवते. हे लिहिते आहे तेही त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. कोणी वाचावं म्हणून नाही. पण नलूताईंना जाऊन महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल माझ्याजवळ जे आहे ते मी कोणाला तोंडानं सांगू शकणार नाही, हे मला माहीत आहे. शिवताना तोंडात टाचण्या धरून ठेवायची मला सवय आहे... टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

फोन आला तेव्हा मी नलूताईंचाच ब्लाउज उसवत होते. सकाळचे दहा वाजले असतील. आकाशी रंगाचा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा ब्लाउज. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून झाल्या होत्या, बाह्या राहिल्या होत्या. त्यांची मुलगी प्रज्ञा अमरावतीहून बोलत होती. "कुंदामावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं. फोन ठेवून पुन्हा बाही हातात घेतली, अर्धी उसवली, आणि मग लक्षात आलं की आता हे कशासाठी करते आहे.

नलूताई नर्स होत्या. घर अमरावतीला, पण नोकरीची सगळी वर्षं अकोल्यात गेली. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका डॉक्टरांनी खेड्यातल्या बायकांवर एक संशोधन सुरू केलं आणि ताईंना गावोगाव फिरायचं काम दिलं. आमचं गाव हिवरखेडच्या पुढं. तिथल्या अंगणवाडीत त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस मला आठवतो. जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी, आणि आवाज असा की बाहेरच्या हापशीवरच्या बायाही आत आल्या. त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि हाताची पाच बोटं वर केली.

"पाच गोष्टी पाहाच्या हायेत. कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर, आन् रक्तातल्या दोन चरब्या. एक वाईट चरबी, ते वाढते. एक चांगली, ते कमी होते. या पाचातल्या तीन बिघडल्या का त्याले डॉक्टर लोक मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतेत. तुमी काई म्हणू नका, फक्त तपासून घ्या."

"दुखते का त्यानं?" कोणीतरी विचारलं.

"काईच दुखत नाई."

"दुखत नाई तं मंग बिमारी कायची, बाई?"

"घराले वाळवी लागली तं घर बोंबलते का?" ताई म्हणाल्या. "उद्या साखरेची बिमारी निघते, परवा हार्टचं निघते, आन् मंग घरचे म्हणतेत, कालपर्यंत तं चांगली होती."

बाया हसल्या, पण उठून कोणी गेली नाही. अडचण पुढं आली. बाकी सगळं ठीक, पण कंबर मोजायची म्हणजे पदर बाजूला करून, नाडा सैल करून उघड्या पोटावर टेप लावायची. ताईंबरोबर आलेली माणसं पुरुष होती. ताईंना एकटीला बीपी पाहून, कागद भरून, एवढ्या बायकांची कंबर मोजणं होत नव्हतं. अंगणवाडीची बाई म्हणाली, "आमच्या गावात बाया फक्त कुंदाबाईले आंगाले टेप लावू देतेत." मी मागं दाराशी उभी होते. सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं.

ताईंनी मला पडद्याआड नेऊन शिकवलं. बरगडीचं शेवटचं हाड चाचपायचं, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप. टेप आडवी सरळ, ना ढिली ना करकचून. बाईनं श्वास सोडला की आकडा वाचायचा, सेंटीमीटरमध्ये. बाईची कंबर ऐंशीच्या वर गेली की पाचातली एक गोष्ट बिघडली असं धरायचं. एका बाईच्या मापाला मला पन्नास रुपये मिळणार होते. ब्लाउजच्या अर्ध्या शिलाईएवढे, आणि त्यासाठी ना कापायचं ना शिवायचं.

पहिले आठ-दहा दिवस चांगले गेले. अंगणवाडीत चादर बांधली होती. बाया थट्टा करत यायच्या, "सर्वेवाल्या बाई आल्या, पोटं आत घ्या व माय." हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढं, अशा किती बाया आपल्या गावात आहेत हे मला ब्लाउज शिवूनही कधी कळलं नव्हतं. कळणार कसं? ब्लाउज पोटापर्यंत जातच नाही.

मग माझी थोरली जाऊ आली. पुष्पाबाई. ती पडद्याआड आली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"तुह्यापाशी माह्यं माप हाये ना वं? दिवाईले तं घेतलं. मंग नाडा काहून सोडायले लावतं?"

मी म्हटलं, "ताईनं सांगितलं हाये."

"ताईले काय मालूम तुह्यी वही. वहीतून लिही आन् मले जाऊ दे, भाकरी राह्यल्या."

थोरल्या जावेशी मी आयुष्यात वाद घातलेला नाही. पिशवीतून वही काढली. पुष्पाबाई, कंबर एकोणतीस. टेपवर एका बाजूला इंच असतात, मागच्या बाजूला सेंटीमीटर. एकोणतीसवर बोट ठेवून टेप उलटली, तर चौऱ्याहत्तर. तसं कागदावर लिहिलं. तिनं बाहेर जाऊन सांगितलं असणार, कारण नंतर ज्यांना ज्यांना लाज वाटत होती त्या सगळ्या वहीचंच नाव घेऊ लागल्या. अशा एकूण एकोणीस बाया झाल्या.

पहिल्या चार-पाच वेळा मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. माप ते माप. पण नंतर मनात यायला लागलं की ब्लाउजची कंबर आम्ही छातीच्या खाली चार बोटांवर घेतो आणि ताईंनी दाखवलेली कंबर तर बेंबीजवळ आहे. विचारावं का? पण विचारायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचं, आणि आधी लिहिलं ते चुकीचं होतं असंही सांगायचं. मी वहीतूनच लिहीत राहिले. हे इथं लिहिते आहे, कारण कुठंतरी लिहायला हवं.

महिनाभरानं एका दुपारी ताई एकट्याच आल्या. अकोल्याहून अकोटची एसटी, तिथून जीप, आणि फाट्यापासून उन्हात पायी. मी मशीनवर होते. त्या पाणी प्यायल्या, स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून कागद काढला.

"कुंदा, एक सांग. तुह्या गावातल्या एकोणीस बायकांच्या कमरा एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर, नाई तं एकोणऐंशी. मधातलं कोणीच नाई. पंच्याहत्तरवाली एक बी बाई देवानं तुमच्या गावात धाडली नाई का?"

अठ्ठावीस इंच, एकोणतीस, तीस, एकतीस. मी टेप उलटून उलटून लिहिलेले आकडे होते ते.

त्या ओरडल्या नाहीत. उठल्या, दार लोटून घेतलं, पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "माह्यं माप घे." सवयीनं टेप छातीच्या खाली गेली. त्यांनी माझा हात धरला आणि हळूहळू खाली आणला, बरगडीच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत, आणि मध्ये थांबवला. श्वास सोडला. "वाच." मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी." त्या म्हणाल्या, "लिही तुह्या वहीत. नलू, अठ्ठ्याऐंशी. मी बी ऐंशीच्या वरच हावो. लाज वाटते म्हणून पोट कमी होत नाई."

मग मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि नंतर मला शांतपणे समजावलं की काय झालं आहे. ज्या बायकांच्या पाचातल्या तीन गोष्टी बिघडलेल्या निघतील त्यांना पुढच्या तपासणीला अकोल्याला बोलावायचं होतं, बाकीच्यांना घरीच राहा म्हणून चिठ्ठी जायची होती. पुष्पाबाईचं बीपी वाढलेलं होतं, वाईट चरबी वाढलेली होती. दोन झाल्या. तिसरी मी वहीतून लिहिली होती. तिच्या नावाची घरीच राहण्याची चिठ्ठी ताईंच्या पिशवीत तयार होती. ती काढून त्यांनी मला दाखवली आणि माझ्यासमोर फाडली.

"आजपासून एकच ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "वहीतून नाई, आंगावरून."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकोणीस घरं फिरलो. ताई पुढं, मी मागं. प्रत्येक घरी त्या सांगायच्या की मापात चूक झाली, पुन्हा घ्यायचं आहे. चूक कोणाची हे एकाही घरी सांगितलं नाही. पुष्पाबाई कुरकुरली तर ताई म्हणाल्या, "श्वास सोड बाई, कोणी फोटो नाई काढून राह्यलं." एक्याण्णव भरली. तिला अकोल्याला नेलं, साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तेव्हा उपाशीपोटी न दिसलेली साखरेची बिमारी निघाली. आज ती गोळ्या घेते, सकाळी शाळेपर्यंत चालून येते, आणि तिला अजून माहीत नाही की मी तिचं काय करून ठेवलं होतं. हे पान तिला दाखवायला हवं असं वाटतं... दाखवीन.

डॉक्टरांना मात्र ताईंनी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी मला काढून टाका म्हटलं. ते बरोबरच होतं. ताई त्यांना म्हणाल्या की जिची चूक एकदा पकडली गेली तिच्यासारखं माप आता दुसरं कोणी घेणार नाही. मला ठेवलं, पण एकोणीस बायकांचे साडेनऊशे रुपये परत करायचे ठरले. माझ्याजवळ नव्हते, त्या पैशांतून मशीनला मोटर बसवली होती. ताईंनी स्वतःच्या पर्समधून भरले आणि मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, महिन्याला थोडे थोडे देते. त्या म्हणाल्या, "नगद नको. माह्ये ब्लाउज शिव. शंभर रुपये एकाचे. फिटतीन हळूहळू." आणि पिशवीतून आकाशी कापड काढलं. येतानाच आणलं होतं.

पुढची तीन वर्षं दर काही महिन्यांनी ताई संशोधनाच्या कामाला यायच्या. त्याच बायकांची पुन्हा मापं, पुन्हा रक्त. येताना एखादं ब्लाउजचं कापड असायचं. काम झालं की माझ्या घरी चहा, बिनसाखरेचा, आणि मग दार लोटून माप. मी म्हणायची, "ताई, मागच्याच वेळी तं घेतलं." त्या डोळे मोठे करायच्या, आणि मी टेप उचलायची. माझ्या वहीत बाकी बायकांची एकेक ओळ आहे. ताईंचं मात्र एक अख्खं पान आहे. छाती, दंड, मुंढा, ब्लाउजची कंबर, आणि शेवटी त्यांची ती दुसरी कंबर. मी कमी बोलते म्हणून त्या कधी खोदून विचारायच्या नाहीत. स्वतःच बोलत राहायच्या. प्रज्ञाच्या बँकेच्या परीक्षेचं, परतवाड्याच्या बाजारातून आणलेल्या मधाचं, संशोधनातल्या बायकांचं. कोणत्या गावची कोण किती चालायला लागली, कोणी तेल मोजून घ्यायला लागली, हे सगळं त्यांना नावासकट पाठ होतं. डॉक्टरांच्या कागदात बायकांना नंबर होते. ताईंच्या तोंडून मी एकदाही नंबर ऐकला नाही.

आठव्या ब्लाउजच्या वेळी त्यांची कंबर त्र्याऐंशी भरली. त्या खूश झाल्या. "पाह्य, चालून चालून उतरली. लोकायले सांगाचं आन् आपण बसून राहाचं, असं बरं नाई दिसत." मी छाती मोजली, दीड इंच कमी. दंड मोजला, एक इंच कमी. आकडे लिहिले. एवढ्या वर्षांत किती बायका बारीक झालेल्या पाहिल्या आहेत. चालून जी बारीक होते तिचं पोट आधी जातं, दंड एवढा जात नाही. ताईंच्या गळ्याजवळची हाडं वर आली होती. मला सांगावंसं वाटलं. पण त्या इतक्या खूश होत्या, आणि मी नर्सला काय सांगणार... तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्या नाहीत.

पाच महिन्यांनी नववं कापड घेऊन आल्या. दंड आणखी दीड इंच उतरला होता. टेप त्यांच्या दंडाभोवती तशीच धरून मी उभी राहिले. मग टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"ताई, हे माप बरं नाई."

"काहून? कंबर तं पाह्य किती मस्त उतरली."

"कंबर नाई. दंड. मागच्या वेळी बी उतरला होता. मी बोलली नाई."

त्या हसायला लागल्या होत्या, मध्येच थांबल्या. माझ्या हातातली वही घेतली, चष्मा नाकावर नीट केला आणि स्वतःचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "भूक नाई लागत दोन महिन्यापासून. मले वाटलं, उन्हामुळं." त्याच आठवड्यात अमरावतीला तपासण्या केल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि तो तिथंच थांबलेला नव्हता.

शेवटची भेट त्यांच्या अमरावतीच्या घरी झाली. पलंगाशेजारी खुर्चीवर बसून मी जाताना जे ठरवून गेले होते ते विचारलं. अकोट, परतवाडा, अमरावती, तीनही गाड्यांमध्ये तेच वाक्य मनात जुळवत होते. "ताई, मी ते पाच महिने आधी बोलली असती तं?"

दुसऱ्या कोणी असतं तर लगेच म्हटलं असतं, छे, काही फरक पडला नसता. ताईंनी तसं म्हटलं नाही. "पडला असता का नाई, मले नाई मालूम, कुंदा. खोटं सांगणार नाई तुले." मग म्हणाल्या, "पण तू सांगितलं. घरात आरसा होता, पोरगी होती, मी सोता नर्स होती. सांगितलं तूनंच."

मी पदराच्या गाठीतून पन्नास रुपये काढले. नऊ ब्लाउजचे नऊशे फिटले होते, वरचे पन्नास उरले होते. त्यांनी नोट परत माझ्या हातात दिली. "नगद नको म्हटलं ना. आता सगळे ब्लाउज ढगळ झाले. तो पयला आकाशी आटवून दे, त्याचे पन्नास." मी म्हटलं, मापं वहीत आहेत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी टेप काढली. त्या उठू शकत नव्हत्या, बसल्या बसल्याच माप घेतलं. त्यांनी श्वास सोडला, नेहमीसारखा, आणि मला आकडा मोठ्यानं वाचायला लावला. चौसष्ट. "चला, ऐंशीच्या लय खाली आली," म्हणाल्या. प्रज्ञा दाराशी उभी होती, ती आत निघून गेली.

तोच ब्लाउज उसवत असताना फोन आला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे त्यांच्या आठवणी सांगायला जमतात तेव्हा, मी अमरावतीला गेले, मागं बसले, हात जोडले आणि परत आले. अकोल्याचे डॉक्टर आले होते, कितीतरी गावांच्या बाया आल्या होत्या. प्रत्येकीला काही ना काही बोलायचं होतं.

उसवलेला ब्लाउज मशीनवर तसाच पडून होता. चौसष्टच्या मापानं तो शिवायला माझा हात गेला नाही. चार दिवसांपूर्वी वही उघडली, ताईंच्या पानावरची सगळ्यात वरची ओळ काढली, पहिल्या दिवशीची, आणि त्या मापानं शिवणी परत जशाच्या तशा घातल्या. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं होती, त्यांच्यावरूनच सुई गेली. अंगावरून माप घ्यायला आता अंग नव्हतं... एवढ्या वर्षांत त्यांचं ऐकलं नाही ते हे एकदाच.

काल ब्लाउज घेऊन प्रज्ञाकडे गेले. तिनं तो उलगडून पाहिला, खांद्याला खांदा जुळवून घडी घातली आणि मांडीवर ठेवला. मग मी पन्नासची नोट काढली. तिला सांगायला सुरुवात केली की ब्लाउज आटवायचा होता, मी आटवला नाही, म्हणून ते पैसे काही फिटले नाहीत. ती नको म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं.

"माहीत आहे मावशी," प्रज्ञा म्हणाली. "आईनं सांगून ठेवलं होतं. कुंदा पन्नास रुपये घेऊन येईन. नाई म्हणू नको, घेऊन घेजो. नाई तं तिले चैन नाई पडणार."

तिनं हात पुढं केला. मी नोट ठेवली, तिनं मूठ मिटली. साडेनऊशे पूर्ण झाले.